चुलीचा हिशेब

न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांत धुरावरून अग्नीचें अनुमान कसें करावें हें शिकवितात. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे. आणि धूर व अग्नि एकत्र नांदतात याला दाखला कोणता, तर आपल्या स्वयंपाकघराचा. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनीं गुरूजवळ बसून म्हटला असेल त्या वाचकांस हा दाखला नव्यानें सांगावयास नको. आम्हीं तो पाठ चुलत्यांजवळ घेतला त्या काळीं मागच्या सोप्यांत चूल धुमसत असे आणि दाखला डोळ्यांस चांगलाच झोंबत असे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर दोघां-तिघां हौशी मुलांस आम्ही हाच पाठ देऊं लागलों, तेव्हां त्यांपैकीं एकानें विचारलें, "गुरुजी, स्वयंपाकघरांत धूर कशाला असेल?" मुलाची शंका खोटी नव्हती. त्याच्या घरीं गॅस, आमच्या घरीं गॅस, आणि हा मजकूर ज्यांच्या हातीं पडेल त्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं गॅसच असावयाचा.

नैयायिकांनीं या शंकेची सोय आधींच करून ठेविली आहे. धूर असेल तेथें अग्नि असतोच. परंतु अग्नि असेल तेथें धूर असतोच असें नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धूर निघण्यास अग्नीशीं ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो. हें सूक्ष्म बोलणें मुलांस कंटाळवाणें वाटतें खरें. परंतु आपल्या देशांतील घराघरांमधला भेद याहून थोडक्या शब्दांत सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. अग्नि सर्वांच्या घरीं एकच. भात शिजण्यास जी आंच श्रीमंताच्या घरीं लागते तीच गरिबाच्या घरीं लागते. फरक इंधनाचा. ओलें, कुजकें, रानांतून वेंचून आणलेलें इंधन कोणाच्या वांट्यास येतें व तेंच कां येतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावा असें योजिलें आहे.

या अवस्थेला विद्वान लोक ‘ऊर्जादारिद्र्य’ म्हणतात. आम्हांस ‘इंधनाचें दारिद्र्य’ हे साधे शब्द अधिक जवळचे वाटतात. ‘इंध्’ म्हणजे पेटविणें. या धातूपासून इंधन शब्द झाला व त्याच धातूपासून समिधा शब्दहि झाला. यज्ञांतील समिधा आणि चुलींतील काटकी या दोघी शब्दाच्या नात्यानें सख्ख्या बहिणी आहेत. इंग्लंडांत या प्रश्नाची चर्चा १९७३ च्या तेलटंचाईनंतर वाढली, आणि ब्रेंडा बोर्डमन या विदुषीनें १९९१ सालच्या आपल्या ग्रंथांत असें माप सुचविलें कीं, घर पुरेसें उबदार ठेवण्यास व इतर गरजेस लागणाऱ्या इंधनावर ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक खर्च करावा लागतो, तें कुटुंब या बाबतींत दरिद्री समजावें. त्या थंड देशांत हें माप उपयोगी पडलें. आपल्याकडे तें लावूं गेल्यास मोठा चमत्कार होतो. जी बाई रानांतून मोळी आणते तिचा इंधनाचा खर्च शून्य; म्हणजे या मापानें ती सर्वांत सुखी ठरते! ज्या हिशेबांत सर्वांत दरिद्री माणूस सर्वांत सुखी ठरतो, त्या हिशेबांत एकादी रकम लिहावयाची राहिली आहे हें गणिताच्या कोणत्याहि मास्तराच्या ध्यानांत येईल. ती राहिलेली रकम शोधणें हाच आमचा हेतु.

आमच्या घरीं धुण्याभांड्यांस एक बाई येतात. गांवाबाहेर गायरानालगत जी वस्ती आहे तेथें त्यांचें घर. नवरा बांधकामावर जातो, म्हणजे काम असेल त्या दिवशीं जातो. घरांत सासू आणि तीन मुलें. आषाढांत एके सकाळीं त्यांना यावयास उशीर झाला. लुगड्याला धुराचा वास येत होता व डोळे लाल झाले होते. आमच्या मंडळींनीं विचारलें, "अगं, तुझ्याकडे गॅस आलाय ना?"

"आलाय की काकू. पन टाकी शिमग्यापासनं मोकळी हाय."

"मग भरून कां नाहीं आणत? तुम्हांला तर सरकार पैसे परत देतं."

"देतं, पन मागनं देतं. आधी समदे आठशे हातावर ठेवावे लागत्यात. एकदम आठशे कुठनं आनू? अन् ब्यांकेत आलेलं काढायला गेलं की एक दिवसाचा खाडा."

एवढें बोलून बाई भांड्यांस बसल्या. पुढें त्यांच्या मुलाच्या दाखल्याच्या कामानिमित्त आम्ही त्या वस्तींत गेलों होतों. रिकामी टाकी कोपऱ्यांत उभी होती व तिच्यावर मुलाचें दप्तर ठेविलेलें होतें. शेगडी मात्र पुसून, जुन्या साडींत गुंडाळून, देवाच्या फळीशेजारीं जपून ठेविली होती. ज्या वस्तूची किंमत कळत नाहीं ती वस्तु कोणी अशी ठेवीत नाहीं.

मग आम्हीं तो हिशेब कागदावर मांडून पाहिला. वाचकांनींहि तो ताडून पहावा. घरगुती टाकींत १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळला म्हणजे सुमारें १०,८०० किलोकॅलरी उष्णता निघते. एक किलो वाळलेलें लांकूड जळलें म्हणजे सुमारें ३,८००. परंतु निघालेली सर्व उष्णता भांड्यास लागत नाहीं. गॅसच्या शेगडीवर शेंकडा साठांच्या आसपास लागते. तीन दगडांच्या चुलीवर शेंकडा दहा-बारा, आणि बाकीची वाऱ्यावर, भिंतीवर व स्वयंपाक करणारीच्या तोंडावर जाते. गुणाकार-भागाकार केला म्हणजे एका टाकीचें काम करावयास सुमारें २०० किलो लांकूड लागतें असें निघतें. वखारींतून पांच रुपये किलो इतका उतरता भाव धरला तरी त्याचे हजार रुपये होतात. २०२४-२५ सालीं आपल्याकडे भरलेल्या टाकीस सुमारें आठशें रुपये पडत, व उज्ज्वला योजनेंतील कुटुंबास त्यांतील तीनशें मागाहून बँकेंत मिळत. म्हणजे लांकूड विकत घेणाऱ्या गरिबास तें गॅसच्या दुप्पट महाग पडलें.

आतां जी बाई लांकूड विकत न घेतां वेंचून आणते तिच्याकडे वळूं. वीस किलोंची मोळी धरली तर २०० किलोंस दहा खेपा होतात. जाणें, वेंचणें, तोडणें, बांधणें आणि ओझें घेऊन परत येणें मिळून एका खेपेस चार तास, ही त्या वस्तींतील बायांनींच सांगितलेली मोजणी. चाळीस तास म्हणजे आठ तासांचे पांच दिवस. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. पांच दिवसांचे १,४८५ झाले. पांचशें रुपयांच्या वस्तूपायीं दीड हजारांचे श्रम! सावकाराच्या वहींतहि असा तोट्याचा व्यवहार विरळा. हिशेबांत लिहावयाची राहिलेली पहिली रकम ती ही.

दुसरी रकम रुपयांत मांडतां येत नाहीं. परंतु तिची ओळख आम्हांस घरच्या घरींच झाली आहे. आमच्या मातोश्रींनीं लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षें चुलीवर स्वयंपाक केला. पावसाळ्यांत शेणी सादळत, सरपण ओलें होई, आणि फुंकणीनें फुंकून फुंकून त्यांचा जीव घाबरा होत असे. साठीच्या सुमारास त्यांस दम लागूं लागला. शहरांतील डॉक्टरांनीं छाती तपासली, काढून आणलेला फोटो उजेडांत धरून पाहिला, आणि वडिलांस विचारलें, "बाई विडी ओढतात काय?" वैद्यकाच्या दृष्टीनें प्रश्न रास्तच होता, परंतु आम्ही सर्वजण अवाक् झालों. उत्तर मातोश्रींनींच दिलें. त्या म्हणाल्या, "विडी नाहीं हो ओढली. चूल ओढली चाळीस वर्षें." त्यानंतर त्या सहा वर्षें होत्या. शेवटच्या दोन वर्षांत त्यांस आडवें होऊन झोंप अशी मिळालीच नाहीं. तक्क्यास टेकून, बसल्या बसल्या त्या रात्र काढीत आणि कोणी जागें झालें तर "तूं नीज" एवढेंच म्हणत.

त्या डॉक्टरांच्या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर त्या वेळीं तयार होत होतें. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानें आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेंतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासांत किती धूर जातो हें प्रत्यक्ष मोजलें व १९८३ सालीं तें प्रसिद्ध केलें. शहरांतील कारखान्यांच्या धुराविषयीं बोलणाऱ्या जगास तेव्हां कळूं लागलें कीं, सर्वांत दाट धूर खेड्यांतील स्वयंपाकघरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका वर्षांत घरांतील धुरामुळें जगांत सुमारें ३२ लाख माणसें मेलीं. धर्मशास्त्रकारांनीं गृहस्थाच्या घरांत नकळत हिंसा घडण्याचीं पांच स्थानें मानिलीं आहेत. त्यांस पंचसूना म्हणतात, आणि त्यांत चूल आहे. ती हिंसा किड्यामुंग्यांची, असा अर्थ आपण घेत आलों. मातोश्रींच्या तक्क्याशेजारीं रात्री काढल्यावर त्या शब्दाचा अर्थ आम्हांस याहून विस्तृत वाटूं लागला आहे.

एवढा तोटा होत असतां हीं कुटुंबें चूल कां सोडीत नाहींत? "अडाणीपणामुळें," असें उत्तर आपल्या बैठकींत तत्काळ मिळतें. ज्यांच्या मुलांस आम्हीं चाळीस वर्षें शिकविलें त्यांच्याविषयीं तें उत्तर खरें नाहीं. बाजारांत पावशेर मिरची घेतांना तीन दुकानें पालथीं घालणारी बाई तोटा ओळखत नाहीं असें कोण म्हणेल? कारणें दुसरीं आहेत.

पहिलें कारण असें कीं, गरिबाची मिळकत रोज थोडी थोडी येते आणि इंधन मात्र एकगठ्ठा विकलें जातें. वर्षाच्या बेरजेनें पाहिलें तर त्या बाईंच्या घरांतून आठ टाक्यांचे पैसे जाऊं शकतील. पण एका सकाळीं, एका हातावर आठशें रुपये असणें ही गोष्ट निराळी. आमच्या लहानपणीं रॉकेल असे. गळ्याला सुतळी बांधलेली बाटली घेऊन पोरगें दुकानांत जाई व चार-आठ आण्यांचें रॉकेल घेऊन येई. ज्या दिवशीं जेवढे पैसे असतील तेवढें इंधन मिळे. रॉकेलला वास होता, काजळी होती, भडका उडण्याचें भय होतें; परंतु तें गरिबाच्या मिळकतीच्या मापानें मिळत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत रेशनवरील रॉकेल कमी कमी होत गेलें. सरकारच्या दृष्टीनें त्यास सबळ कारणेंहि होतीं. तथापि लांकूड आणि गॅस यांच्या मधली ती पायरी निघाली, व जे वरच्या पायरीवर पाय ठेवूं शकले नाहींत ते पुनः खालच्या पायरीवर आले.

येथें आमचे एक स्नेही नेहमीं आक्षेप घेतात: "मोबाईलला पैसे असतात, गॅसलाच कसे नसतात?" आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, परंतु नीट पाहिल्यास तो आमच्याच बाजूची साक्ष देतो. मोबाईलचा भरणा लहान लहान रकमांचा करतां येतो, तो कोपऱ्यावरच्या दुकानांत होतो, आणि त्यासाठीं कामावर खाडा करावा लागत नाहीं. चहाची पूड, खोबरेल तेल, अंगाचा साबण, जें जें तोडून लहान मापांत विकावयास काढलें तें तें गरिबानें घेतलें. पांच किलोंची लहान टाकीहि निघाली आहे. परंतु आमच्या बाईंस तिची वार्ता आमच्याच तोंडून प्रथम कळली.

दुसरें कारण श्रमाच्या हिशेबांतलें. पांच दिवसांच्या श्रमाचे १,४८५ रुपये आम्हीं कागदावर मांडले. परंतु त्या चाळीस तासांना गिऱ्हाईक कोठें आहे? पहाटेच्या दोन तासांची, दुपारच्या तीन तासांची मजुरी कोणी देत नाहीं. रोजगाराचें काम बाराहि महिने मिळत नाहीं. म्हणून ती बाई आपले तास रानांत नेऊन त्यांचें लांकूड करते. तिच्या वेळेला बाजारांत किंमत नाहीं, म्हणून घरांतहि नाहीं. आणि घरांत किंमत नाहीं, म्हणून ती वांचविण्यासाठीं कोणी आठशें रुपये काढीत नाहीं. धूर एकीच्या डोळ्यांत, पैसा दुसऱ्याच्या खिशांत, अशी स्थिति अनेक घरांत आहे. शिकवीत असतां हजेरीच्या वहींत आम्ही हें पाहत असूं. पाऊस तोंडावर आला कीं सरपण भरून ठेवण्याच्या दिवसांत मुलींच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा वाढत. मुलांच्या नांवापुढें तितक्या वाढत नसत.

तिसरें कारण जमिनीचें व कागदाचें. ज्याला शेत नाहीं त्याला बांध नाहीं, बांधावरची बाभूळ नाहीं, तुरीच्या काड्या नाहींत, पऱ्हाट्या नाहींत. गोठा नाहीं म्हणून शेण नाहीं. म्हणजे चुलीचें इंधनसुद्धां भूमिहीनास परक्याच्या मर्जीनें मिळवावें लागतें. विजेची गोष्ट हीच. भाड्याच्या खोलींत राहणाऱ्याच्या नांवें मीटर नसतो; घरमालक एका दिव्यास महिन्याला अमुक, पंख्यास तमुक असें ठरवितो, व हा आंकडा मीटरप्रमाणें येणाऱ्या आकाराच्या कितीतरी वर जातो. वस्ती बिनकागदाची असली तर मीटर मिळत नाहीं. मग तारेवर आंकडा टाकला जातो व सगळी वस्ती चोर ठरते. जेथें वीज नव्हती तेथें चिमणी होती. तिचा उजेड दहा-पंधरा ल्युमेन, साठ वॉटच्या साध्या दिव्याचा सुमारें सातशें. एवढासा उजेड आणि त्यासाठीं रोज रॉकेलला पैसे, म्हणजे अक्षर वाचावयास लागणारा प्रकाश गरिबानें श्रीमंताहून अनेकपट महाग घेतला. उजेड महाग, आंच महाग; दारिद्र्यांत स्वस्त असें कांहीं नसतें.

या कारणांच्या उजेडांत आजवर झालेले उपाय पाहिले म्हणजे ते कोठें फळले आणि कोठें अडले हें कळूं लागतें. १९८३ च्या सुमारास सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व २००२ पर्यंत चालला. सुमारें साडेतीन कोटि चुली वांटल्या गेल्या. कल्पना चांगली होती. पण धुराडें वर्षानें तुंबलें, मातीला तडा गेला, आणि दुरुस्तीस कोणी आलें नाहीं. गोबरगॅसचा बोलबाला झाला. परंतु दोन घनमीटरच्या लहान संयंत्रासहि चार-पांच जनावरांचें शेण लागतें. ज्याच्या गोठ्यांत जनावरें होतीं त्याच्या घरांतील धूर गेला, ही मोठीच गोष्ट. मात्र शेणाला मोल आल्यावर रस्त्यांतील पोटी उचलून शेणी थापणारीचें इंधन त्या मानानें कमी झालें. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची युक्ति काढली, व त्याबद्दल तिला २००२ सालीं इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. शेतांत जाळून टाकण्याच्या वस्तूंतून इंधन काढावयाचें, हें या उपायाचें मर्म. तें आम्हांस मोलाचें वाटतें.

सर्वांत मोठा उपाय उज्ज्वला योजनेचा. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें तिचा आरंभ झाला, आणि आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्यें आपल्या औरंगाबादेंत देण्यांत आली. साडेतीन वर्षांत आठ कोटि घरांत टाकी पोंचविणें हें काम लहान नव्हे, आणि तें बाईच्या नांवें झालें ही तर विशेष अभिनंदनीय गोष्ट. परंतु टाकी पोंचणें आणि टाकी भरली जाणें यांत अंतर राहिलें. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणें लाभार्थी कुटुंबांत वर्षाकांठीं सरासरी ३.२१ टाक्या भरल्या जात होत्या. २०२३-२४ पर्यंत ही सरासरी ३.९५ झाली. सर्व स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या कुटुंबास वर्षाला सात-आठ तरी टाक्या लागतात. तेव्हां निम्मा स्वयंपाक अद्याप धुरांतच होतो, असा त्याचा सरळ अर्थ. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींतहि मुख्यत्वें धूर न करणाऱ्या इंधनावर शिजविणारीं घरें देशांत शेंकडा ५८.६ व खेड्यांत शेंकडा ४३.२ इतकींच आढळलीं.

विजेच्या बाबतींतहि असेंच झालें. २००४ पासून सरकारी व्याख्या अशी होती कीं, गांवांत तारा व रोहित्र आलें, शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणीं वीज आली, आणि शेंकडा दहा घरांत दिवा लागला म्हणजे गांवाचें विद्युतीकरण झालें. या मापानें २८ एप्रिल २०१८ रोजीं मणिपुरांतील लाइसांग हें शेवटचें गांव उजळलें असें जाहीर झालें. शंभरांत दहा मुलें उत्तीर्ण झालीं म्हणजे वर्ग उत्तीर्ण, असा निकाल लावण्याची सोय आम्हां मास्तरांस कधीं मिळाली नाहीं! घरोघरच्या जोडणीसाठीं २०१७ च्या सप्टेंबरांत निघालेल्या ‘सौभाग्य’ योजनेनें यांतील बरीच उणीव भरून काढली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. मात्र तार घरांत येणें हा आरंभ. तिच्यांतून रोज वीज येणें आणि आलेल्या विजेचें बिल झेपणें हें पुढचें काम होय.

"चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाहीं," असेंहि कोणी म्हणतात. शहरालगतच्या उपाहारगृहांवर आतां तशा पाट्याच लागल्या आहेत. चव असेल, आम्हीं ती खाल्ली आहे. परंतु ती चव ज्यांनीं आम्हांस दिली त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतील रात्री वर सांगितल्या आहेत. हौसेनें एक दिवस चूल पेटविणें आणि दुसरा मार्ग नाहीं म्हणून चाळीस वर्षें ती फुंकणें, यांचा एका वाक्यांत उच्चार करूं नये.

मग करावें काय? सरकारनें करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण मुद्द्याच्या आहेत. टाकीचें साहाय्य मागाहून बँकेंत न देतां टाकी देतेवेळींच किंमतींतून वजा करावें. लहान टाकी वस्तीच्या दुकानापर्यंत पोंचवावी. भाडेकरूस स्वतःच्या नांवें मीटर मिळण्याची वाट सुलभ करावी. यांत नवें दान मागितलेलें नाहीं; दिलेलें दान घेणाऱ्याच्या हातास लागेल अशा उंचीवर धरावें, एवढेंच मागणें आहे.

आपल्यासारख्या कुटुंबांसहि करतां येण्याजोगें आहे. आमच्या मंडळींच्या सूचनेवरून बाईंच्या वस्तींतील दहा जणींनीं एक भिशी सुरू केली. प्रत्येकीनें आठवड्यास ऐंशी रुपये टाकावयाचे. आठशें जमले कीं चिठ्ठी निघेल तिची टाकी भरावयाची. या रीतीनें प्रत्येकीस वर्षाला पांच टाक्या मिळतात. सरकारी सरासरीहून एक अधिक! पहिल्या दोन चिठ्ठ्यांचे पैसे कमी पडले ते आमच्या घरून उसने गेले आणि दिवाळीपूर्वीं पै न पै परत आले. हिशेब ठेवण्याचें काम बाईंच्या थोरल्या मुलीकडे आहे. ती सातवींत असून तिच्या वहींत अद्याप खाडाखोड नाहीं.

भिशीनें दारिद्र्य जाईल असा आमचा भ्रम नाहीं. पांच टाक्या म्हणजे आठ नव्हेत. उरलेल्या दिवसांत त्या घरीं चूल पेटतेच. परंतु प्रश्न पैशाच्या बेरजेचा जितका आहे तितकाच तो पैसा केव्हां व कसा हातीं येतो याचाहि आहे, हें त्या वहीनें आम्हांस दाखविलें.

वाचकांस शेवटीं एकच विनंति. आपल्या घरीं जी बाई कामास येते तिला "गॅस आहे ना?" असें विचारूं नये, त्याचें उत्तर बहुधा "आहे" असेंच मिळेल, व आपलें समाधान होऊन जाईल. गेल्या दिवाळीपासून किती टाक्या भरल्या, असें विचारावें. आंकडा पांचाच्या आंत आला तर पुढची टाकी भरण्याच्या दिवशीं आठशें रुपये तिच्या हातावर ठेवावे आणि आठवड्यास शंभर याप्रमाणें ते सवडीनें वळते करून घ्यावे. व्याज मागूं नये; तें तिनें आधींच, आणि पैशाहून मोठ्या नाण्यांत, भरलेलें असतें.